‘धूर नाही, मग धोका कसला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जमिनीतल्या गरम वाफेवर चालणाऱ्या, म्हणजे भूऔष्णिक वीजकेंद्रातल्या कामगारांवरच्या माझ्या लेखावर ‘पुणेकर वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ‘कोथरूडमध्ये पंख्याखाली बसून केनियातल्या कामगारांच्या नावाने गळे काढू नका. तिथे कोळसा नाही, धूर नाही, मग धोका कसला? तुम्हा लोकांना प्रत्येक कामात शोषणच दिसतं.’ पुढे लडाखच्या पुगा खोऱ्यातल्या भूऔष्णिक प्रकल्पाच्या खर्चावर दोन परिच्छेद.

महोदय, मतभेद जरूर असावेत, पण ही कुठली भाषा? पंखा आहे, नाकारत नाही. त्या पंख्याखाली येण्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात बॉयलरवर फिटर होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात कळतं, की गळणारी वाफ दिसत नाही. पांढरं दिसतं ते पुढे, वाफ निवायला लागल्यावर. खरी भाजते ती फ्लँजलगतची, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडतात त्या कडेलगतची, मोकळी दिसणारी वीतभर जागा. आमचे मिस्त्री काठीला चिंधी बांधून आधी ती फिरवायचे, मगच पाना लावू द्यायचे. आपण कधी अशा फ्लँजजवळ उभे राहिला आहात का? नसाल, तर ‘धोका कसला’ हे इतक्या ठसक्यात कशाच्या जोरावर?

आणि जमिनीतून नुसती वाफ येत नाही. सोबत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू येतो. कुजक्या अंड्यासारखा वास, सुरुवातीला. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वायू गेला. तो हवेपेक्षा जड, म्हणून वाफेच्या विहिरीच्या तोंडाशी बांधलेल्या खड्ड्यात साचतो, आणि व्हॉल्व्हच्या कामाला उतरायचं त्याच खड्ड्यात. कॉलरला गॅस डिटेक्टर लावतात तो शोभेसाठी नव्हे. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ मध्ये या वाफेवर पहिले दिवे लागले, १९१३ पासून तिथे रीतसर वीजकेंद्र चाललं. धूर तेव्हाही नव्हता हो!

लेख लांबला, हे मान्य. केनियातल्या ओलकारिया या भूऔष्णिक क्षेत्राचा नकाशा द्यायला हवा होता, तेही मान्य. बघा, चांगलं सांगितलं तर ऐकतो मी.

पुगाच्या खर्चाचं ज्यांनी बघायचं ते बघतील. माझा लेख कामगारांवर होता, ताळेबंदावर नव्हे.

राहिलं ‘तुम्हा लोकांना’. हे ‘लोक’ म्हणजे कोण, ते पुढच्या वेळी खऱ्या नावानिशी लिहा. नाहीतर प्रतिक्रिया काढून टाकेन.