पूल टेबलाच्या स्कोअर मण्यांबद्दल: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

रविवारी रात्री तुम्ही मित्राबरोबर आमच्याकडे पूल खेळायला आलात आणि दुसऱ्या दिवशी दोन स्टार देऊन सविस्तर लिहिलंत. टेबल लेव्हलमध्ये आहे, क्यू (खेळायच्या काठ्या) सरळ आहेत, हेही आवर्जून लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तक्रार आहे ती स्कोअरची. तुमच्या शब्दांत सांगायचं तर, ‘लहान मुलांच्या पाटीवरचे मणी भिंतीला टांगलेत, असलं मी घरी पाच मिनिटांत बनवीन. तासाचे एवढे पैसे घेता तर एलईडी बोर्ड का नाही? कुठल्या जमान्यात आहात? कुणीतरी मणी सरकवला आणि आमची जिंकलेली मॅच वादात गेली. वर भांडणाच्या वेळेचेही पैसे लावले.’

आधी मॅचचं बोलतो, कारण राग मुळात तिथला आहे. जो आधी पाच रॅक, म्हणजे पाच डाव, जिंकेल त्याची मॅच, असं तुमचं ठरलं होतं. सात रॅक झाले तेव्हा तुमचे चार, मित्राचे तीन. आठव्या रॅकमध्ये तुम्ही ब्लॅक, म्हणजे रॅक जिंकून देणारा शेवटचा काळा बॉल, पॉट केलात (पॉकेटमध्ये घातलात), आणि त्याच शॉटवर मागोमाग व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉलही पॉकेटमध्ये गेला. तुम्ही म्हणालात, ब्लॅक गेला, रॅक माझा, पाच-तीन, मॅच संपली. मित्र म्हणाला, व्हाइट गेला, रॅक माझा, चार-चार. तुम्ही हाक मारल्यावर आमच्या काउंटरवरचा मुलगा टेबलापाशी आला, तेव्हा मणी चार आणि तीनवरच होते. कुणी मणी सरकवला असता तर बेरीज आठ किंवा त्याहून जास्त झाली असती. ती सातच होती, म्हणजे आठव्या रॅकचा मणी तोपर्यंत कुणी हलवलेलाच नव्हता. वाद मण्यांचा नव्हता, नियमाचा होता. एट-बॉलमध्ये, म्हणजे तुम्ही खेळत होतात त्या पूलच्या प्रकारात, ब्लॅक पॉट होताना त्याच शॉटवर फाउल झाला तर शॉट मारणारा तो रॅक हरतो. व्हाइट पॉकेटमध्ये जाणं हा फाउलच. त्यामुळे रॅक तुमच्या मित्राचा आणि स्कोअर चार-चार. मुलाने तेव्हाही हेच सांगितलं होतं. भिंतीवर लाखाचा एलईडी बोर्ड असता तरी त्याला हा निकाल देता आला नसता, कारण व्हाइट आत गेला की नाही हे त्याला दिसत नाही.

आता मणी तिथे का आहेत ते सांगतो. पैसे वाचवायला लावलेले नाहीत.

आमच्याकडे एक पद्धत आहे, पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला टेबल देताना ती सांगतो आणि नियमांच्या फळ्यावरही लिहिली आहे. रॅक जो हरेल त्याने जिंकणाऱ्याचा मणी सरकवायचा. जिंकणाऱ्याने नाही. पुढच्या रॅकचे बॉल त्रिकोणी साच्यात हरलेल्यानेच लावायचे, हा रिवाज बहुतेक पार्लरमध्ये असतो. आमच्याकडे तो त्रिकोण मण्यांच्या चौकटीखालच्या खिळ्याला टांगलेला असतो. चौकट मुद्दाम टेबलाच्या त्याच टोकाच्या भिंतीवर आहे जिथे रॅक लावतात. त्यामुळे हरलेला त्रिकोण घ्यायला जातो, जाता जाता समोरच्याचा एक मणी सरकवतो, आणि मग बॉल लावायला वळतो. वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. मणी सरकला याचा अर्थ, ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतःच्या हाताने निकाल मान्य केला. पुढे तासाभराने कुणी कितीही जोरात म्हणो की माझे चार होते, चौथा मणी समोरच्यानेच सरकवलेला असतो. आणि जिथे निकाल मान्य नसतो तिथे मणी जागचा हलत नाही, वाद त्याच क्षणी उघड होतो, पुढच्या तीन रॅकनंतर नाही. तुमच्या मॅचमध्ये नेमकं तेच झालं. सात रॅक तुम्ही दोघांनी एकमेकांचे मान्य केले होते, अडलं ते आठव्याला.

बटणाच्या बोर्डावर हे होत नाही. बटण कुणीही दाबतं, दोनदा दाबलं गेलं तरी पाठमोऱ्या माणसाला कळत नाही, आणि मोबाइलमधला स्कोअर तर एकाच्याच खिशात राहतो. खेळताना दोघांपैकी एक जण सतत टेबलावर वाकलेला असतो, हे विसरून चालत नाही. मणी सरकला की लाकडावर लाकूड आपटून ‘टक्’ असा आवाज येतो, वाकलेल्या माणसालाही ऐकू येतो.

‘कुठल्या जमान्यात आहात’ हे मला जरा लागलं, कारण त्या जमान्याबद्दल मला आदर आहे. आपल्याकडच्या क्लबांमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलापाशी मार्कर उभा असायचा. प्रत्येक शॉटनंतर तो गुण मोठ्याने सांगायचा आणि बोर्डावरचा दर्शक सरकवायचा. आकडा दोघांनी ऐकला, दोघांनी पाहिला, मग तो पक्का. आपल्या पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते त्याच काळातले. तिकडे अमेरिकेत पूलच्या हॉलमध्ये टेबलांच्या वर उंच तारा ताणून मणी ओवलेले असायचे, कारण तिथे लोकप्रिय असलेल्या स्ट्रेट पूलमध्ये पॉट केलेल्या प्रत्येक बॉलला एक गुण असतो आणि खेळ शंभर-दीडशेपर्यंत जातो. विली मोस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला सलग ५२६ बॉल पॉट केले ते याच प्रकारात. मणी ही पूलमधली जुनी आणि मानाची गोष्ट आहे, ती मी हौसेने आणली आहे.

तुम्ही विचारलंत की स्नूकर टेबलाला बोर्ड आहे मग पूलला का नाही. स्नूकरमध्ये रेडचा एक गुण, ब्लॅकचे सात, एकाच ब्रेकमध्ये (न चुकता सलग खेळलेल्या पाळीत) १४७ पर्यंत जाता येतं. तिथे मणी ओवत बसलो तर भिंत पुरायची नाही, म्हणून आकड्यांच्या पट्ट्या आणि सरकते दर्शक. एट-बॉलमध्ये मोजायचे असतात फक्त जिंकलेले रॅक. त्याला नऊ मणी भरपूर होतात. एक गोष्ट मात्र तुमची पटते: मागच्या सोफ्यावर बसलेल्यांना मणी नीट दिसत नाहीत. स्पर्धेच्या दिवशी आम्ही त्यासाठी मोठ्या फळ्यावर खडूने स्कोअर लिहितो. रोजच्या खेळात मात्र तो दोन खेळाडूंना दिसला की पुरे, असं माझं मत आहे.

बिलाचं. वादासाठी कुणी काउंटरवर हाक मारली की आम्ही टेबलाची वेळ थांबवतो. तुमच्या बिलावर वेळ दोन तुकड्यांत लिहिली आहे, मधली वेळ त्यात धरलेली नाही. बिल जवळ असेल तर पाहा, नसेल तर आमच्याकडे त्याची प्रत आहे, ती दाखवतो.

राहता राहिलं ‘घरी पाच मिनिटांत बनवीन’. जरूर बनवा, पाच मिनिटांत मात्र होणार नाही. घरी किंवा सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये टेबल असलेले बरेच जण आमच्याकडे याची चौकशी करतात, म्हणून तपशीलात लिहितो.

सगळ्यात कठीण आहे मणी जिथे सोडला तिथेच राहणं. सुती दोऱ्यावर चॉकच्या हातांचा मळ बसतो आणि मणी अडकायला लागतात. तंगूस किंवा नुसती तार घेतली तर मणी इतके सुळसुळीत सरकतात की दार आपटलं तरी हलतील. आम्ही वापरली आहे ती पडद्याची प्लास्टिक चढवलेली स्प्रिंग, खिडकीच्या छोट्या पडद्यांना लावतात ती, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. प्लास्टिक मण्याला हलकेच धरून ठेवतं. लाकडी मण्यांची भोकं बहुधा लहान असतात, ती सुताराकडून स्प्रिंग जेमतेम जाईल इतकीच मोठी करून घ्यायची. सैल झाली की सगळी मेहनत वाया. चौकट दीड फूट लांब, सागाच्या तुकड्यांची. स्प्रिंग त्यापेक्षा इंच-दीड इंच आखूड कापायची, म्हणजे हुकात अडकवल्यावर ताणून बसते आणि मध्ये झोल येत नाही. प्रत्येक खेळाडूची एक ओळ, ओळीत नऊ मणी, पाचवा वेगळ्या रंगाचा, म्हणजे मोजावं लागत नाही, नजरेला कळतं. रंग निवडताना एक ध्यानात ठेवा: पूलचा दिवा शेडमुळे फक्त टेबलावर पडतो, भिंत अंधारातच असते. आमचे मणी पांढरट आणि पाचवा गडद लाल आहे तो त्यामुळेच. निळे-हिरवे मणी त्या उजेडात एकसारखे दिसतात.

आणि टेबलाच्या रेलला, म्हणजे लाकडी कडेला, स्क्रूने काहीही बसवू नका. बाजारात रेलवर लावायच्या चकत्या मिळतात, पण व्हाइट कुशनला (कडेच्या आतल्या रबरी पट्टीला) चिकटलेला असला की हात रेलवरच टेकावा लागतो, नेमकी तेव्हा ती चकती आड येते आणि क्यू घासला जातो. दिव्यालाही टांगू नका, पंख्याच्या वाऱ्याने हलतं.

तुमची मॅच चार-चारवर आहे, नववा रॅक बाकी आहे. मित्राला घेऊन कधीही या, त्या एका रॅकचे पैसे घेणार नाही. भोकं मोठी केलेले जास्तीचे मणी आमच्याकडे शिल्लक आहेत. घरी चौकट करणार असाल तर येताना सांगा, काढून ठेवतो.