दारूबंदी निष्ठेने कशी पाळावी?

महाराष्ट्रात राहून दारू पिता? मग मनातला अपराधीपणा आधी काढून टाका आणि खिशातून पाच रुपये काढा. आपल्याकडे दारूबंदी आहे. खरंच आहे! १९४९ चा दारूबंदी कायदा अजून ठणठणीत आहे आणि गल्लोगल्लीची वाईन शॉप त्याच्याच कृपाछत्राखाली चालतात. हे कसं, ते कळून घ्यायच्या भानगडीत पडू नका. परवाना काढा.

कायद्याच्या लेखी तुम्ही शौकीन नाहीच, नाजूक तब्येतीचे आहात. प्रकृती सांभाळायला दारू लागते, म्हणून सरकार दयाबुद्धीने परवाना देतं. एका दिवसाची प्रकृती पाच रुपयांत; देशीवाल्याची दोन रुपयांत, गरिबाची तब्येत तशीही स्वस्तच. वर्षाचे शंभर. हजार भरलेत तर तहहयात बघायला नको. इतका स्वस्त आरोग्य विमा कुठला एजंट देतो, सांगा.

वयाचं तेवढं सांभाळा. बिअरला २१ पुरे, व्हिस्की-रमला २५ लागतात. मुलाला लग्न मात्र २१ व्या वर्षी करता येतं. म्हणजे व्हिस्कीची खरी गरज निर्माण झाल्यावर चार वर्षं कळ काढायची.

दुकानात परवान्याची चौकशी करण्याचा आगाऊपणा नको, मागची रांग खवळते. काउंटरवरचा पोऱ्या मान वर न करता क्वार्टर पेपरात गुंडाळतो, काळ्या पिशवीत सरकवतो आणि ‘हां, पुढे’ म्हणतो. तुमच्या वाटचा परवाना कुठल्या तरी पाटलांच्या नावाने फाटला असेल, एवढी श्रद्धा ठेवा. ती काळी पिशवी २०१८ पासून बंद आहे. म्हणजे एका क्वार्टरमागे दोन बंद्या झाल्या. वाटेत टपरीवर गुटख्याची पुडी घ्या (२०१२ पासून बंद), हॅटट्रिक होईल.

ड्राय डे आदल्या संध्याकाळी पाळायचा असतो. एक ऑक्टोबरला रांगेत उभे असाल तर गांधीजींबद्दल चार शब्द बरे बोला.

चंद्रपूरकरांनी मात्र घाई केली. तिथे २०१५ साली खरोखरची बंदी आली, चोरटी दारू वाढली म्हणून २०२१ साली उठली. पाच रुपयांच्या पावतीवर भागत असताना एवढा खटाटोप सांगितला होता कुणी?

यातलं काही खटकलंच तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करा. दारूबंदीची अंमलबजावणी त्यांच्याकडे आणि दारूवरच्या महसुलाची वसुलीही त्यांच्याकडेच. फक्त मार्चअखेरीस जाऊ नका. साहेब टार्गेटच्या मागे असतात.