कढी फुटते तेव्हा घरात शास्त्रज्ञ फार होतात

कढी फुटली की घरातल्या प्रत्येकाला रसायनशास्त्र येऊ लागतं. "आच मोठी होती." "मीठ आधीच टाकलं ना?" "ताक फार आंबट होतं." माझं दुःख असं, की ही मंडळी बहुतेक वेळा बरोबर असतात, डाव मात्र कुणीच हातात घेत नाही.

मूळ गुन्हेगार दुधातलं केसीन हे प्रथिन. त्याचे हजारो रेणू कुणी न सांगता एकत्र येऊन साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे गोळे बनवतात. आत कॅल्शियम फॉस्फेटची बांधणी, बाहेर कप्पा-केसीन या त्याच्याच एका प्रकाराची लव आणि ऋण प्रभार. दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ६.७ च्या आसपास असतो, तोवर हे गोळे भांडण झालेल्या शेजाऱ्यांसारखे एकमेकांना अंग लागू देत नाहीत. म्हणून ताजं दूध उकळतं, उतू जातं, शेगडी बुडवतं, पण फुटत नाही.

विरजणातल्या जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल केलं की पीएच ४.६ कडे घसरतो. प्रभार संपतो, लव कोलमडते. डेर्यागिन आणि लांडाउ या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये, व्हर्वे आणि ओव्हरबीक यांनी १९४८ मध्ये अशा कणांमधल्या ओढीचा आणि दुराव्याचा हिशोब मांडला. ताकात त्यातलं दुराव्याचं पान जवळजवळ कोरं! गोळे एकमेकांना धरून जाळं विणतात, त्यात पाणी अडकतं, आणि आपण म्हणतो, वा, काय कवडी दही लागलंय. घुसळल्यावर जाळ्याचे तुकडे होतात, तेच ताकात तरंगतात.

आणि असलं ताक आपण गॅसवर चढवतो. तापमानाबरोबर प्रथिनांच्या पाण्याला बिचकणाऱ्या भागांची आपसातली ओढ वाढते. तुकडे आवळले जातात, पाणी पिळून निघतं. वर हिरवट-पिवळं पाणी, खाली रवा.

मध्ये पडायला बेसन लागतं. चार वाट्या ताकाला पोह्याचे दोन चमचे, तेही ताक थंड असतानाच, रवीने एकजीव करून. गरम ताकात कोरडं बेसन टाकलं तर गुठळीचं वरचं पीठ आधी फुगतं आणि आतलं कोरडंच राहतं. बेसनातला स्टार्च ७० अंशांच्या आसपास फुगतो, कढी दाटते, तुकड्यांची गाठभेट अवघड होते. प्रथिनं आवळण्याआधी हे व्हायला हवं, म्हणून आच मंद आणि हात सतत फिरता. थांबलात की तळ आधी तापतो, आणि फुटणं तिथूनच सुरू होतं. कडकडीत फोडणीवर ताक ओतणाऱ्यांचंही हेच होतं. फोडणी वरून द्यावी. मीठ शेवटी, कारण पीएच ४.६ च्याही खाली गेलेल्या ताकात थोडा धन प्रभार असतो, आणि मिठाचे आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, तोही झाकून टाकतात.

पंजाबी कढी तासभर रटरटते, कारण तिच्यात बेसन मुबलक. आपल्याला मात्र कढी वाटीने पिता यावी इतकी पातळ हवी, आणि फुटायलाही नको.

फुटलेली कढी मिक्सरमधून काढा असं सांगणारे भेटतात. गुठळ्या बारीक होतात, पण आवळलेलं प्रथिन पुन्हा सैल होत नाही. जिभेला खरखर लागतेच. त्यापेक्षा कोकणी माणूस शहाणा. नारळाचा रस काढतो, कोकमाचं आगळ घालतो आणि गॅस पेटवतच नाही.