97 टक्के कोणाचे? एअरबॅगच्या फॉरवर्डमधला हिशेब

डिसेंबर उजाडला आणि गुलमर्गचे बेत शिजायला लागले की आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने वर लिहिलं होतं, ‘आता तरी घरून परवानगी मिळेल.’ मेसेजचा मतलब असा: पाठीवरच्या बॅगेत बॅटरीवर फुगणारी एअरबॅग असली की हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी 97 टक्के लोक वाचतात. ती लाइफ जॅकेटसारखी माणसाला बर्फावर तरंगत ठेवते. गॅस सिलिंडरची भानगड नसल्याने ती फसत नाही. सबब बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई), फावडं ही जुन्या जमान्याची ओझी आता घरीच ठेवा. पुरावा म्हणून खाली अमेरिकेतल्या एका स्कीअरची गोष्ट.

आधीच सांगतो, मी स्वतः हीच बॅग वापरतो आणि पुढेही वापरणार आहे. म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो.

‘97 टक्के लोक वाचतात’

या आकड्याचा छेद तपासा. हिमस्खलनात सापडलेला प्रत्येक माणूस मरत नाही. कोणी कडेला फेकला जातो, कोणी गुडघाभर गाडला जातो आणि बर्फ झटकून उठतो. अशा सगळ्यांना धरून टक्केवारी काढली तर ती भरघोस येणारच. पाठीवर एअरबॅगऐवजी जेवणाचा डबा असता तरी बऱ्यापैकी भरघोस आली असती. खरा प्रश्न एवढाच, की तशाच स्खलनात बिनबॅगेचा माणूस किती वेळा वाचला असता?

तो प्रश्न नीट विचारणारा अभ्यास झालेला आहे. कॅनडातले पास्कल हेगेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोप व उत्तर अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी घेऊन तो 2014 साली प्रसिद्ध केला. जे खरोखर प्रवाहात अडकले, गाडले जाण्याची शक्यता होती, तेवढेच त्यांनी मोजले. बॅग फुगलेली नसताना अशा 100 जणांमागे 22 दगावतात, फुगलेली असताना 11. म्हणजे मृत्यू निम्म्यावर येतात. पाठीवर वागवण्याच्या कुठल्याही वस्तूसाठी हे फार मोठं यश आहे. पण 11 म्हणजे 3 नव्हेत.

गंमत अशी की त्याच अभ्यासात 3 हा आकडाही सापडतो. ज्यांचं डोकं बर्फाखाली गेलं नाही, श्वास मोकळा राहिला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 3 टक्के होतं. डोकं खाली गेलेल्यांत 44 टक्के. एअरबॅगचं सगळं काम या दोन आकड्यांच्या मध्ये चालतं: डोकं खाली जाण्याची शक्यता ती 47 टक्क्यांवरून 20 वर आणते. तुमचं डोकं वर राहिलं तर तुम्ही 97 टक्क्यांत. पण डोकं वर राहीलच, हे बॅगेच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

आणि मेसेज ज्या बॅटरीच्या बॅगेची जाहिरात करतो, ती या आकड्यांत जवळपास नाहीच. बॅटरीच्या पंख्यावर फुगणाऱ्या बॅगा तेव्हा जेमतेम बाजारात येत होत्या. मोजल्या गेल्या त्या गॅसच्या.

‘लाइफ जॅकेटसारखी तरंगत ठेवते’

चिवड्याचा डबा आठवा. चार दिवस हाताळल्यावर वर पोहे आणि खोबऱ्याचे काप, तळाशी मीठ, मसाला नि चुरा. डबा हलतो तेव्हा बारीक कण फटींतून खाली सरकतात आणि मोठे तुकडे वर ढकलले जातात. हिमस्खलनातही हेच होतं. दीड-दोनशे लिटरचा फुगा पाठीवर आला की माणूस बर्फाच्या ढेकळांपेक्षा मोठा ‘तुकडा’ होतो आणि वर येतो. बव्हेरियातल्या योझेफ होहेनेस्टर नावाच्या वनरक्षकाला हे 1970च्या दशकात अनुभवातून उमगलं: खांद्यावर शिकार टाकलेली असताना स्खलनात सापडला, की तो वरच राहायचा. ती कल्पना पेटर आशाउअर यांनी 1980 मध्ये विकत घेतली आणि तिच्यातून पहिली एअरबॅग बनली.

तपशील क्षुल्लक वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे. पाण्यात माणूस स्थिर असतानाही जॅकेट त्याला उचलून धरतं. बर्फात वर यायला प्रवाह हलता हवा, आणि काही अंतर हलता हवा. डबा हलायचा थांबला की चाळणं थांबलं. तुम्ही स्खलनाच्या तळाशी उभे असाल आणि बर्फ वरून येऊन अंगावर थांबला, तर वर यायला वेळच मिळत नाही. घळीत, नाल्यात, खड्ड्यात सापडलात तर मागून येणारा बर्फ थरावर थर चढवत राहतो. गुलमर्गवरच्या अफरवत डोंगराच्या उतारांना अशा घळी किती आहेत ते गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यात खिडकीला नाक लावून बघा.

शिवाय फुगा आघात शोषत नाही. पश्चिम कॅनडातल्या 1984 ते 2005 दरम्यानच्या मृत्यूंची छाननी झाली, तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा माणसं गुदमरून नव्हे तर मार लागून गेलेली निघाली: झाडं, खडक, कडे. गुलमर्गहून बाबारेशीकडे जंगलातून उतरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

‘बॅटरी आहे म्हणजे फसत नाही’

मेसेजमधलं माझं सर्वांत नावडतं वाक्य हेच, कारण ते बॅटरीचा खरा फायदा झाकून टाकतं.

हेगेलींच्या अभ्यासात दर पाच बॅगांमागे एक फुगलीच नाही. का? त्यातल्या 60 टक्के वेळा दोष वापरणाऱ्याचा: बॅग फुगवायला खांद्याच्या पट्ट्यावरचं हँडल ओढावं लागतं, ते ओढलंच गेलं नाही. भीतीने हात गोठले, हँडल सापडलं नाही, काठीचा पट्टा मनगटात अडकला, किंवा सगळं दोन सेकंदांत आटोपलं. वरच्या आकड्यांत हे मिसळून माझा ढोबळ हिशेब सांगतो: 100 पैकी 80 जणांची बॅग फुगणार, 20 जणांची नाही, म्हणजे मृत्यू 11 नव्हे तर 13च्या आसपास. हँडल ओढणारा हात बॅटरीवर चालत नाही.

यंत्राचं म्हणाल तर बॅटरीचेही नखरे आहेत. लिथियमची बॅटरी थंडीत मलूल होते, हे बर्फात मोबाइल काढून फोटो घेणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून काही उत्पादक सुपरकपॅसिटरकडे, म्हणजे वीज साठवणाऱ्या दुसऱ्या एका घटकाकडे वळले. तो थंडीला कमी दबतो, पण साठवलेली वीज हळूहळू गमावतो, आणि ती भरून काढायला आत दोन पेन्सिल सेल घालावे लागतात. सेल मागच्या मोसमातलेच असतील तर? दिवा हिरवा आहे का हे सकाळी बघावंच लागतं.

आता फायदा. गॅसची बॅग एकदा फुगवली की सिलिंडर संपला; नवा घ्या किंवा भरून आणा, पैसे मोजा. त्यामुळे सराव कोणी करत नाही. शिवाय सिलिंडर विमानात न्यायचा तर कंपनीची आगाऊ परवानगी काढा. अमेरिकेत तर भरलेला नेताच येत नाही. पंख्याची बॅग मात्र दिवाणखान्यात पुन्हा पुन्हा फुगवता येते: जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, सतरंजीवर गडगडत, घरच्यांचं हसू सोसत. जिथे मोठा घोटाळा हँडल न ओढण्याचा आहे, तिथे फुकटचा सराव हीच बॅटरीची खरी कमाई. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

काही पंख्याच्या बॅगा तीनेक मिनिटांनी फुगा आपोआप रिकामा करतात, म्हणजे गाडलेल्या माणसाभोवती थोडी पोकळी राहावी. कल्पना चांगली आहे, स्वयंसेवकांना बर्फात पुरून केलेल्या प्रयोगात तिचा उपयोगही दिसला. पण ते स्वयंसेवक शांतपणे पुरले गेले होते, डोंगरावरून घरंगळत आले नव्हते. आणि सगळ्या बॅटरीच्या बॅगा हे करतही नाहीत.

‘बीकन-फावडं घरी ठेवा’

हा सल्ला सरळ जीवघेणा आहे. बॅग फुगूनही दर पाचांतल्या एकाचं डोकं खाली जातं, हे वर आलंच. त्यानंतर घड्याळ धावू लागतं. स्वित्झर्लंडच्या 40 वर्षांच्या नोंदींवरून 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात; अर्ध्या तासावर हे प्रमाण 31 टक्क्यांवर येतं. दहा मिनिटांत गुलमर्ग गावातून कोणी पोहोचत नाही. पोहोचतो तो शेजारी उभा असलेला सोबती, आणि त्याच्याकडे बीकन, प्रोब, फावडं नसेल तर तो नुसता हाका मारतो. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतवर पोलंडचे दोन स्कीअर गेले, पुढच्या फेब्रुवारीत खिलनमर्गला एक रशियन. या उतारांवर गंमत म्हणून जाता येत नाही, एवढं तरी त्यावरून कळावं.

आणि ती अमेरिकन स्कीअर

गोष्ट खरी आहे, फक्त अर्धी सांगितलेली. 19 फेब्रुवारी 2012 रोजी वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळच्या टनेल क्रीकमध्ये एलिस सॉगस्टॅड स्खलनात सापडली. तिने एअरबॅग ओढली आणि ती वाचली. त्याच स्खलनात तिच्या गटातले तिघे मेले. बर्फ थांबला तेव्हा तिचं डोकं नि हात बाहेर होते, बाकी शरीर सिमेंटात बसल्यासारखं घट्ट; तिला खणून काढलं ते मागून आलेल्या सोबत्यांनी. आणि तिची बॅग बॅटरीची नव्हती. 2012 मध्ये तशी बाजारातच नव्हती.

आता एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच मेसेजमध्ये नसते. गोंडोलाच्या बंद डब्यात बॅग चुकून फुगू नये म्हणून हँडल पट्ट्यातल्या चेनबंद कप्प्यात ठेवतात. वर पोहोचलं की थंडी, वारा, फोटो, समोर पसरलेला बर्फ. या गडबडीत ती चेन तशीच बंद राहते आणि माणूस उतरायला लागतो. मागच्या मोसमात आमच्या चौघांत दोघांची राहिली होती. त्यातला एक मी.