‘ताप उतरला की शाळेत पाठवा’: हा मेसेज चुकीचा आहे

‘सकाळी पॅरासिटामॉल द्या, ताप उतरला की मुलाला शाळेत पाठवा, मग फ्लू पसरत नाही’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. हे औषध ताप उतरवतं, विषाणूला काहीच करत नाही. ४ ते ६ तासांत त्याचा असर ओसरतो आणि मूल वर्गातच पुन्हा तापतं. तोवर शेजारच्याला प्रसाद मिळालेला असतो. तापाचं औषध न देता सलग २४ तास ताप नसेल, तरच शाळा. त्यानंतरही काही दिवस संसर्ग होऊ शकतो, म्हणून खोकताना तोंडावर कोपर आणि साबणाने २० सेकंद हात धुणं. अंगठे आणि बोटांच्या बेचक्या हमखास राहून जातात. आणि हो, मुलांना तापावर अ‍ॅस्पिरिन देऊ नका.