खुलासा : संरक्षक भिंतीची भोकं बुजवू नका

‘भिंतीच्या भोकांतून पाणी येतंय म्हणजे भिंत फुटणार, सिमेंटने बुजवा’ असा मेसेज कळवा-मुंब्र्याच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. तसं केलं तर भिंत खरंच जाईल.

इथल्या पारसिकच्या डोंगरात वर माती-मुरूम, खाली काळा बेसॉल्ट खडक. मुरलेलं पाणी खडकावर अडतं आणि डोंगराची माती अडवणाऱ्या या भिंतीमागे साठतं. तीन मीटर पाणी साठलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेचार टनांच्या आसपास रेटा येतो, मातीचा रेटा वेगळाच. पाण्याचा रेटा कमी करायलाच भिंतीत साधारण दीड-दोन मीटरवर पाइप सोडलेले असतात (हीच ती भोकं), मागे खडीचा थर.

म्हणून स्वच्छ पाणी येणं चांगलं. धो-धो पावसातही भोक कोरडं असेल तर ते तुंबलंय असं धरा (बहुतेक वेळा आत प्लास्टिकची पिशवी किंवा मुळं निघतात). कोरड्या दिवसांत सळईने हलकेच मोकळं करा. खडी उकरू नका.

गढूळ पाणी मात्र वेगळं. मागची माती वाहून चालली आहे. सोबत भिंतीला फुगवटा, वर जमिनीला भेग किंवा अचानक अडकणारे दरवाजे दिसले, तर घर सोडा, मग १०१ला फोन करा. पाऊस उघडला म्हणून लगेच परतू नका. मुरलेलं पाणी नंतरही उतरत राहतं.