‘विथ’ला तृतीयेच्या घरात आणा

मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीतल्या ‘विथ’ या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ विचारला, तर तो ‘सोबत’ किंवा ‘बरोबर’ असे ताबडतोब सांगतो. उत्तर चुकीचे नाही, परंतु ते इतके अपुरे आहे की तेवढ्या शिदोरीवर इंग्रजीचा एक परिच्छेद वाचायला बसलेले मूल तिसऱ्या-चौथ्या वाक्याशीच अडखळते. थंडीने कुडकुडणे, सुरीने कापणे, पाण्याने भरलेला हंडा, लांब केसांची मुलगी, शेजाऱ्याशी भांडण, माझ्याजवळ पैसे नाहीत, हात खिशात घालून उभा असलेला माणूस या सगळ्या ठिकाणी इंग्रजी ‘विथ’ वापरते आणि यांपैकी एकाही ठिकाणी ‘सोबत’ चालत नाही. माझे म्हणणे असे आहे की ‘विथ’ शिकवण्याची सरळ वाट आपल्या विभक्तिविचारातून, त्यातही तृतीयेतून जाते. ती वाट घरच्या अंगणातून निघत असताना आपण मुलांच्या हाती एका शब्दाला एक प्रतिशब्द अशी यादी देतो, याचे मला फार वाईट वाटते.

एकच प्रतिशब्द पाठ केल्याने अर्थ कसा उलटा होतो, हे आपल्याच इतिहासातून दाखवता येते. ‘द मराठाज फॉट विथ द ब्रिटिश ॲट असई’ हे वाक्य घ्या. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या सैन्याविरुद्ध उभ्या होत्या, म्हणून येथे ‘विथ’चा अर्थ ‘विरुद्ध’. आता ‘द मराठाज फॉट विथ द ब्रिटिश इन इटली’ असे वाक्य करा. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत ब्रिटिशांच्या बाजूने जर्मनांविरुद्ध लढल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच मोहिमेत. दोन वाक्यांत केवळ ठिकाणाचे नाव बदलले आणि ‘विथ’ने शत्रूचा मित्र केला. इतिहास ठाऊक असलेला वाचक सावरून घेतो, परंतु ‘विथ म्हणजे सोबत’ एवढेच शिकलेल्या मुलाला असईच्या रणांगणावर मराठे इंग्रजांच्या मदतीला धावले असे वाटले, तर दोष त्याच्याकडे जात नाही.

हा दुटप्पीपणा इंग्रजीत कुठून आला, ते पाहण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’, ‘समोर’ असा होता, आणि त्याबरोबरच तो ‘जवळ’, ‘लगत’ या अर्थांनीही येई. सोबतीसाठी त्या भाषेत वेगळा शब्द होता, तो म्हणजे ‘मिड’. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘मिट’ आजही ‘सोबत’ याच अर्थाने नांदतो आहे. इंग्रजीत मात्र ‘विथ’ हळूहळू पसरत गेला, ‘मिड’ची जागाही त्यानेच घेतली, आणि मध्ययुग संपेपर्यंत ‘मिड’ वापरातून गेला. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या नॉर्स भाषेतला या शब्दाचा जोडीदार ‘विरुद्ध’ आणि ‘सोबत’ हे दोन्ही अर्थ बाळगून होता, त्याचाही या बदलात वाटा मानला जातो. ‘मिड’ची एक खूण सुईणीसाठीच्या ‘मिडवाइफ’ या शब्दात उरली आहे. त्यातल्या ‘वाइफ’चा जुना अर्थ नुसता ‘स्त्री’ असा असल्यामुळे बाळंतिणीसोबत असणारी ती मिडवाइफ. ‘विथ’चा जुना विरोधाचा किंवा दूर सारण्याचा अर्थ ‘विथस्टँड’, ‘विथहोल्ड’, ‘विथड्रॉ’ या क्रियापदांत टिकून आहे. समोर ठाकून टिकणे, मागे रोखून धरणे, मागे ओढून घेणे या तिन्ही क्रियांत सोबतीचा लवलेशही नाही.

याहून मागे गेले तर हा शब्द आपल्या घराशी येऊन पोहोचतो. भाषाशास्त्रज्ञ ‘विथ’चे मूळ ‘दूर’, ‘वेगळे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन ‘वि’शी जोडतात, तोच संस्कृतमधला ‘वि’ हा उपसर्ग आहे. वियोग, विभाग, विरह या शब्दांतला ‘वि’ आणि इंग्रजी सहवासाचा ‘विथ’ एका कुळातले आहेत. ऋग्वेदात इंद्र विष्णूला ‘सखे विष्णो वितरं वि क्रमस्व’ असे म्हणतो, म्हणजे मित्रा, अधिक दूरवर पाऊल टाक. त्या ‘वितरं’ची जी घडण आहे, तीच ‘विथ’च्या मुळाशी आहे. वियोग दाखवणारा शब्द हजारो वर्षांच्या प्रवासात सहवास दाखवू लागतो, ही गोष्ट नववी-दहावीच्या वर्गात सांगितली तर मुले ती विसरणार नाहीत. व्याकरण रुक्ष असते ही समजूत अशा गोष्टी न सांगितल्यामुळेच पसरली आहे, असे मला वाटते.

आता मराठीकडे येतो. ‘विथ’चे हे सर्व वळसे मराठीच्या ‘शी’ या लहानशा प्रत्ययात आहेत. दाराशी उभा राहिला, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, असे म्हणतो तेव्हा ‘शी’ जवळीक दाखवतो. मित्राशी बोललो, त्याच्याशी जमले, तिच्याशी सहमत झालो, असे म्हणतो तेव्हा तो संबंध दाखवतो. शत्रूशी लढला, दुष्काळाशी झुंजला, असे म्हणतो तेव्हा तोच विरोध दाखवतो. जवळ, संबंधात आणि विरुद्ध हे जुन्या इंग्रजीतल्या ‘विथ’चे तीन अर्थ मराठी मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच एका प्रत्ययातून सहज वापरत असते. कारणही उघड आहे. भांडायलासुद्धा समोर कोणीतरी लागते, आणि समोर असणे म्हणजे एका अर्थी जवळ असणेच. ‘बरोबर’ या शब्दानेही हाच प्रवास केला आहे, म्हणून तर ‘पाकिस्तानबरोबरचे युद्ध’ असे लिहिलेले वाचताना आपला गोंधळ होत नाही.

शालेय व्याकरणाच्या तक्त्यात तृतीयेचे प्रत्यय ने, ए, शी आणि नी, शी, ही असे दिलेले असतात. ‘ने’ आणि ‘शी’ एकाच रांगेत का बसवले, हा प्रश्न मुले विचारत नाहीत आणि आपणही तो उपस्थित करत नाही. त्याचे उत्तर पाणिनीकडे आहे. अष्टाध्यायी या त्याच्या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथातल्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात तृतीयेची सूत्रे ओळीने येतात, आणि ती वाचताना एखाद्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशातली ‘विथ’ची नोंद वाचत असल्यासारखे वाटते. ‘कर्तृकरणयोस्तृतीया’ हे सूत्र कर्ता आणि साधन यांना तृतीया देते. सुरीने कापणे यातली सुरी हे साधन, आणि इंग्रजीतही तेथे ‘विथ’ येतो. लगेच पुढचे सूत्र ‘सहयुक्तेऽप्रधाने’ हे आहे. वडील मुलासह आले, या वाक्यात येणारे मुख्य वडील आहेत, म्हणून संस्कृतात ज्याला तृतीया लागते तो मुलगा गौण. इंग्रजीत ‘विथ’ने जोडलेले नाम क्रियापदाचे वचन बदलत नाही, हा परीक्षेत हटकून विचारला जाणारा नियम याच सूत्राच्या उजेडात एका वाक्यात समजावता येतो. ‘द फादर, विथ हिज सन्स, हॅज कम’ यात ‘हॅज’ का, ‘हॅव’ का नाही, तर मुलगे अप्रधान आहेत म्हणून.

त्यानंतर ‘इत्थंभूतलक्षणे’ येते, आणि मला ते या सर्व सूत्रांत सर्वाधिक आवडते. एखाद्या खुणेवरून माणूस ओळखायचा असेल, तर त्या खुणेला तृतीया लागते. काशिका या टीकाग्रंथात त्याचे उदाहरण आहे की कमंडलूने ओळखू येणारा विद्यार्थी आपण पाहिलात का? इंग्रजीत हे जसेच्या तसे ‘द स्टुडंट विथ द वॉटर-पॉट’ असे होईल. ‘लांब केसांची मुलगी’ याचे भाषांतर करताना मुले ‘गर्ल ऑफ लाँग हेअर’ असे लिहितात, कारण आजच्या मराठीने ही खूण दाखवायचे काम षष्ठीकडे, ‘वाला’कडे आणि ‘असलेला’कडे सोपवले आहे. शिक्षकाने लाल रेघ ओढून ‘ऑफ’ खोडला की चूक दिसते, कारण दिसत नाही. केस ही तिची खूण आहे, केस तिचे मालक नाहीत, आणि खुणेसाठी इंग्रजी ‘विथ’ वापरते, एवढे सांगितले तर ‘अ हाऊस विथ अ रेड रूफ’ किंवा ‘अ मॅन विथ अ लिम्प’ ही वाक्ये मूल आपणहून करू शकते. पुढे ‘हेतौ’ हे कारणाचे सूत्र आहे. विद्येने यश, तसे थंडीने कापणे, आनंदाने नाचणे, तापाने फणफणणे. इंग्रजीतही थंडी, आनंद आणि ताप येथे ‘विथ’च घेतात.

अर्थात हा नकाशा सर्वत्र जुळत नाही, आणि जेथे तो जुळत नाही तेथेच शिक्षकाची खरी गरज असते. पाणिनीने कर्ता आणि करण यांना एकच विभक्ती दिली, मराठीनेही ‘रामाने सुरीने आंबा कापला’ असे दोघांना एकच ‘ने’ दिले, परंतु इंग्रजी येथे वाटणी करते. आंबा ‘बाय राम’ आणि ‘विथ अ नाइफ’ कापला जातो. एवढे एक वाक्य फळ्यावर लिहून त्यातले दोन ‘ने’ वेगवेगळ्या रंगांत दाखवले, तर ‘रायटिंग बाय पेन’ आणि ‘कट बाय नाइफ’ या वर्षानुवर्षांच्या चुका बऱ्याच कमी होतील. वाहनाचा ‘ने’ पुन्हा निराळा. बसने आलो याचे ‘बाय बस’ होते आणि तेथे बसच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ लागत नाही, कारण ती विशिष्ट बस नसून प्रवासाची रीत आहे. ‘एका डोळ्याने आंधळा’ यासाठी पाणिनीने ‘येनाङ्गविकारः’ हे स्वतंत्र सूत्र केले आहे. इंग्रजी तेथे ‘इन’ वापरते. रागाचे प्रकरण आणखी वेगळे आहे. मराठीत आपण माणसावर रागावतो आणि माणसावर खूश होतो, म्हणून मुले ‘अँग्री ऑन मी’ म्हणतात, पण इंग्रजीत या भावनांना ‘विथ’ लागतो. उलट लग्न मराठीत कोणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते. इंग्रजीत ‘मॅरी’ हे क्रियापद माणसाला थेट कर्म म्हणून घेते आणि मध्ये काहीच लागत नाही.

‘विथ’चा आणखी एक वापर असा आहे की तेथे कोणताच प्रत्यय उपयोगी पडत नाही. ‘विथ हिज हँड्स इन हिज पॉकेट्स’ याचे मराठी हात खिशात घालून, ‘विथ द चिल्ड्रन ॲट होम’ याचे मुले घरी असताना, आणि ‘विथ ऑल हिज वेल्थ’ याचे अनेकदा एवढी संपत्ती असूनही. मराठी येथे धातुसाधितांचा आधार घेते. येथे शब्दाला शब्द न ठेवता संपूर्ण वाक्यखंड उचलावा लागतो, आणि हे कसब वरच्या वर्गांतच शिकवता येईल.

अशी सूक्ष्मता लहान मुलांना कशाला, भाषा कानावर पडून येते, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. ज्या घरात इंग्रजी कानावर पडते त्या घरासाठी तो खरा आहे. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, परंतु तालुक्याच्या किंवा पाड्यावरच्या मुलाच्या कानावर शाळेबाहेर इंग्रजीचे एखादे पूर्ण वाक्यही सहसा पडत नाही. त्याच्याजवळ कानांची साथ नसेल, तर त्याच्या मनात आधीपासून असलेल्या मराठीची साथ घेणे हाच न्याय्य मार्ग आहे. पहिलीतल्या मुलाला पाणिनीचे नाव सांगावे, असे मी म्हणत नाही. त्याला ‘ने’ आणि ‘शी’ची वाक्ये बोलायला लावावीत, त्यांच्याशेजारी ‘विथ’ची वाक्ये ठेवावीत, आणि विभक्तीचे नाव माध्यमिक शाळेत यावे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बहुधा एकच शिक्षक मराठीही शिकवतात आणि इंग्रजीही, तेव्हा दोन विषय जोडायला वेगळी व्यवस्था लागत नाही. माध्यमिक शाळेत मात्र मराठीच्या तासाला तृतीयेचा तक्ता पाठ होतो, पुढच्या तासाला इंग्रजीची यादी पाठ होते, आणि या दोन तासांची आपसात ओळख करून दिली जात नाही.

या आळसाची किंमत आता मराठीही मोजू लागली आहे, आणि मला अधिक अस्वस्थ करते ती ही बाजू. ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’ हे समीकरण इतके पक्के झाले आहे की भाषांतरित बातम्यांत आणि जाहिरातींत ‘कर्करोगासोबत लढा’, ‘काळासोबत बदला’, ‘त्याच्यासोबत लग्न केले’ अशी मराठी सर्रास दिसते. हिंदीच्या ‘के साथ’चाही यात मोठा हात आहे. कर्करोगाशी झुंज, काळानुसार बदल आणि त्याच्याशी लग्न हे आपले जुने, नेमके प्रयोग असताना ‘सोबत’ त्यांच्या जागी बसतो आहे आणि ‘शी’ मागे सरकतो आहे. ‘माझ्यासोबत बोल’ हे तर आता तरुणांच्या तोंडी रुळले आहे. वास्तविक ‘माझ्याशी बोल’ म्हणजे तुझे बोलणे मला उद्देशून असू दे, आणि ‘माझ्यासोबत बोल’ म्हणजे आपण दोघे मिळून तिसऱ्या कोणाशी तरी बोलू. ‘उद्या मुख्याध्यापकांशी बोलायला माझ्यासोबत ये’ या साध्या वाक्यात दोन्ही शब्द आपापले काम करतात, आणि त्यांची अदलाबदल करून पाहिली तर वाक्याचा अर्थच बदलून जातो.